तक्रार पोटभर, भाकर पोटापुरती

प्रार्थनेने मनाला शांती मिळते की नाही, यावर बडोद्याच्या मराठी घरांत सध्या बराच वाद चालतो. फतेहगंजमध्ये रविवारची उपासना आटोपल्यावरच्या गप्पांत मी तो ऐकते, आणि दांडिया बाजारात माझ्या हिंदू मैत्रिणींच्या घरी बसले असतानाही ऐकते. एका बाजूचे म्हणतात, रोज प्रार्थना करा, रक्तदाब उतरतो, झोप लागते, कामात लक्ष राहतं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ही मनाची समजूत आहे आणि घातक समजूत आहे, कारण प्रार्थनेत समाधान मानणारा माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. वाद जोरात होतो, पण मला तो चुकीच्या जागी चाललेला दिसतो. दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालले आहेत: समाधान म्हणजे गप्प होणं, आणि प्रार्थना म्हणजे गप्प होण्याचा उपाय. एकाला ते गप्प होणं हवंसं वाटतं, दुसऱ्याला त्याची चीड येते, एवढाच काय तो फरक. माझं म्हणणं असं, की बायबलमधली प्रार्थना माणसाला गप्प करतच नाही. ती त्याला आधी पोटभर तक्रार करू देते आणि मग पोटापुरतंच मागायला शिकवते. समाधान येतं ते या क्रमाने. तक्रार गिळून आधीच समाधानी चेहरा लावला, तर पदरात बधिरपणाखेरीज काही पडत नाही.

विरोधकांचा एक भक्कम मुद्दा आधीच घेते, कारण आमच्या मंडळीत तो निघाला की माणसं विषय बदलतात. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी माणसांनी नाव घेऊन, ठरवून दिलेल्या शब्दांत प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. उलट, आपल्यासाठी नक्की प्रार्थना होते आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी अधिक आढळली, ५९ टक्के. अभ्यास प्रामाणिक होता, आणि त्याचे आकडे नाकारण्याचं मला काही कारण दिसत नाही. पण हा निष्कर्ष ऐकून ख्रिस्ती माणसाने बिचकावं का? ज्या ग्रंथावर आमचा विश्वास उभा आहे, त्यात सगळ्यात कळवळून केलेली प्रार्थना गेथशेमाने बागेतली आहे. हा प्याला माझ्यावरून टळून जावो, असं येशूने एकदा नाही, तीनदा मागितलं. प्याला टळला नाही. दुसऱ्या दिवशी क्रूस होताच. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदाच विनवणी केली. काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे आहे एवढं उत्तर मिळालं. मागितलं की मिळतं हा नियम पहिल्या शतकातच दोन सर्वांत मोठ्या साक्षीदारांच्या बाबतीत मोडला होता, आणि तो मोडल्याची नोंद चर्चने लपवून न ठेवता दर वर्षी वाचली. त्यासाठी २००६ पर्यंत थांबावं लागलं नाही.

म्हणून मला आमच्याच लोकांशी अधिक भांडायचं आहे. बडोद्यातून कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जाण्याची ओढ किती आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. व्हिसा काढून देणाऱ्यांच्या पाट्या चौकाचौकात आहेत. प्रार्थना-सभेत कोणी उठून साक्ष देतं, उपास केला, प्रार्थना केली, व्हिसा लागला. सगळे हालेलुया म्हणतात. मला त्या मुलाचा आनंद खोटा वाटत नाही, त्याने आभार मानावेतच. पण त्याच रांगेत ज्याचा अर्ज फेटाळला गेला तो मुलगा बसलेला असतो. त्याला आपण काय सांगतो? विश्वास कमी पडला? मग गेथशेमानेत कोणाचा विश्वास कमी पडला होता? मागणं पुरं होण्यालाच प्रार्थनेचं फळ म्हटलं, की ज्याचं मागणं राहिलं त्याच्यावर दुहेरी ओझं येतं: गेलेली संधी, आणि वर देवाच्या नजरेतून उतरल्याची भीती. अशा प्रार्थनेतून समाधान निघणार कसं?

आता तक्रारीकडे येते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. तेविसावं सगळ्यांना पाठ असतं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. लग्नात म्हणतात, अंत्यविधीतही म्हणतात. पण त्याच्या अगदी आधीचं बावीसावं स्तोत्र सुरू होतं ते देवा, तू मला का टाकलंस या हंबरड्याने, आणि क्रूसावर येशूच्या तोंडी आलं ते हेच. तेराव्या स्तोत्रात कुठवर, कुठवर असा तगादा आहे. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही. मित्र दुरावले, काळोख तेवढा सोबत राहिला, इथेच ते संपतं. निदान तिसरा हिस्सा स्तोत्रं विलापाची आहेत. ज्यांनी हा संग्रह जतन केला त्यांना ती गाळून फक्त आनंदाची गाणी ठेवता आली असती. त्यांनी ठेवली, आणि मंदिरात सगळ्यांनी मिळून गायची म्हणून ठेवली. याचा अर्थ इतकाच होतो, की देवासमोर कुरकुर करणं हा त्यांना विश्वासाचा अभाव वाटला नाही.

हन्नेची गोष्ट मी या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचते. मूल नाही म्हणून सवत तिला टोचून टोचून रडवते. नवरा भला आहे, पण तोही तिला गप्पच करू पाहतो: रडतेस का, जेवत का नाहीस, मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का? मंदिरात ती इतकी तळमळून प्रार्थना करते, की ओठ हलतात आणि आवाज येत नाही. एली याजकाला ती प्यालेली वाटते आणि तो तिला दटावतो. घरचा माणूस आणि देवाच्या दारचा माणूस, दोघांनाही तिचं दुःख अडचणीचं होतं. ती मात्र मागे हटत नाही. मी प्यालेली नाही, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे, असं ती त्याला तोंडावर सांगते. मग ती उठते, जाऊन जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही असं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात लिहिलं आहे. कोणी म्हणेल, एलीने शेवटी आशीर्वाद दिलाच की. दिला, पण मूल अजून पोटातही नव्हतं, आणि घरी सवत तीच होती. परिस्थितीत काडीचाही फरक पडला नसताना तिला घास गिळता आला. समाधान कसं असतं असं कोणी विचारलं तर मी या जेवणाकडे बोट दाखवीन. सगळं बोलून झाल्यावर, मागणं जराही लहान न करता मागून झाल्यावर, ते तिला मिळालं.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी, कारण तिच्या अभावी माणसांचे हाल झालेले मी पाहिले आहेत. नैराश्य हा आजार आहे, आणि त्यावर डॉक्टर आणि औषधं लागतात. "जास्त प्रार्थना कर" हे त्यावरचं उत्तर नव्हे. हे मी आधुनिकतेला शरण जाऊन म्हणत नाही, पवित्र शास्त्रातच तसं आहे. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, परमेश्वरा, आता माझा जीव घे. त्याला उपदेश मिळत नाही. विश्वास वाढव असं कोणी म्हणत नाही. देवदूत त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणार नाही हे त्याला ठाऊक आहे. प्रश्नोत्तरं त्यानंतर, होरेब डोंगरावर. आणि तिथेही देव त्याला आधी त्याची तक्रार मांडू देतो, एकदा नाही, दोनदा. आमच्या पाळकांनी हा अध्याय दर वर्षी एकदा तरी उपासनेत वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तक्रारीची बाजू ही अशी आहे. पण नुसती तक्रार माणसाला खाऊन टाकते हेही खरं, आणि म्हणूनच बायबल तिथे थांबत नाही. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची एक प्रार्थना आहे, जी मला सबंध ग्रंथातली सर्वांत तोलाची वाटते. तो म्हणतो, मला दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको, माझ्या वाट्याची भाकर दे. जास्त झालं तर परमेश्वर कोण असं म्हणण्याइतका मी माजेन, कमी पडलं तर चोरी करीन. स्वतःची दोन्हीकडची घसरण ओळखणारा हा माणूस आहे. गरिबीत पावित्र्य असतं असलं काही तो म्हणत नाही; गरिबी माणसाला चोरीकडे ढकलते हे तो देवालाच सुनावतो. आणि श्रीमंतीला आशीर्वादाची खूण समजण्याची चूकही करत नाही. वासणा-भायली रस्त्यावर तीन बेडरूमच्या घराचा हप्ता भरताना नवरा-बायको दोघंही रात्री नऊला घरी येतात, आणि रविवारी प्रार्थनेत चार बेडरूमचं मागतात. त्यांना मी लोभी म्हणत नाही. पुरे म्हणजे किती, हे त्यांना कोणी विचारलेलंच नाही. प्रभूच्या प्रार्थनेत ते विचारलेलं आहे: आजची भाकर आज. रानात इस्राएल लोकांसाठी आकाशातून मान्ना हे अन्न पडलं तेव्हाही हेच होतं. ज्यांनी उद्यासाठी मान्ना साठवला त्यांच्या साठ्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती, आणि तो नासत नसे. भूक भागावी पण हाव वाढू नये, आणि सातव्या दिवशी हात थांबावेत, अशी ती मांडणी होती.

तोलाबद्दल आजकाल कंपन्यांत शिबिरं होतात. शिबिराला आलेल्यांचा तोल सुधारतो की नाही मला सांगता येणार नाही, पण तिथे चहा आणून देणाऱ्या मुलाला त्या दिवशी सुट्टी नसते हे मी पाहिलं आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली शब्बाथाची आज्ञा नेमकी याच मुलाचं नाव घेते: तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझ्या गावातला परका, यांनाही तुझ्यासारखाच विसावा मिळाला पाहिजे, कारण तूही मिसर देशात दास होतास. माझा तोल दुसऱ्याच्या पाठीवर उभा असेल तर या आज्ञेच्या हिशेबी तो तोल नाहीच.

पौलाचं एक वाक्य दिनदर्शिकांवर फार छापतात: जो मला शक्ती देतो त्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. परीक्षेच्या आधी मुलं ते वहीवर लिहितात. मूळ जागी ते कुठे येतं? पौल बंदिवासातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहितो आहे. तृप्त असणं आणि भुकेलं असणं, विपुलतेत असणं आणि विपन्नावस्थेत असणं, दोन्ही मी शिकलो आहे असं तो म्हणतो, आणि त्याच ओघात हे वाक्य आहे. तो भूक सोसण्याबद्दल बोलतो आहे, पहिल्या नंबराबद्दल नव्हे. आणि त्याच पत्रात तो फिलिप्पैकरांनी पाठवलेल्या मदतीबद्दल त्यांचे आभारही मानतो: माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगलं केलंत. समाधानी माणसाला कोणाची गरज नसते असं आपल्याला वाटतं. हा समाधानी माणूस मदत घेतो आणि तसं लिहितो.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा जड वाटतो. समाधान शिकवणारा धर्म सत्ताधाऱ्यांच्या सोयीचा असतो. ठेविले अनंते तैसेचि राहावे, हे वचन आपल्याकडे किती जणांना किती वेळा त्यांच्या जागी बसवून ठेवायला वापरलं गेलं! पण ते ज्यांचं वचन आहे ते तुकोबा कोण होते? दुष्काळात ज्यांची बायको अन्न अन्न करत गेली, आणि ज्यांनी ती गोष्ट आपल्या अभंगात देवाला सांगितली, ते. विठ्ठलाशी इतकं भांडलेला माणूस समाधान म्हणतो तेव्हा ते भांडण सोसून आलेलं असतं. नारायण वामन टिळक ख्रिस्ताकडे तुकोबांच्या वाटेने आले असं ते स्वतः म्हणत, त्यात मला नवल वाटत नाही. आणि समाधानावर ख्रिस्ती माणसाची मक्तेदारी आहे असंही मी म्हणत नाही. याच बडोद्यात वाढलेल्या विनोबांनी गीता मराठीत आणली आणि ख्रिस्ताच्या शिकवणीचं सारही काढलं.

तरी वापर झाला तो झालाच, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. बायबलचाही झाला. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. त्यातून मिसरच्या गुलामगिरीतून सुटकेची कथा काढलेली होती. स्तोत्रं गाळलेली होती. मालकांची आज्ञा पाळा असं सांगणारा भाग ठेवलेला होता. याहून मोठा पुरावा कुठला हवा? प्रार्थना माणसाला मुकाट करते असं जर खरंच असतं, तर मुकाट गुलाम हवे असलेल्यांनी प्रार्थनांचं पुस्तक सगळ्यांत आधी छापलं असतं. त्यांनी ते कापलं. त्या छापणाऱ्यांना स्तोत्रांची ताकद आमच्या आजच्या टीकाकारांपेक्षा, आणि खरं तर आमच्या पुष्कळ उपदेशकांपेक्षाही, चांगली कळली होती.

आणि जिथे कापलं नाही तिथे काय झालं? नहेम्या यरुशलेमचा तट बांधत असताना शत्रू चालून येतात. तो लिहितो, आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. एकाच वाक्यात दोन्ही. पंडिता रमाबाईंइतकी प्रार्थनेत राहिलेली बाई मराठीत दुसरी सापडणं कठीण. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी आपल्या घराघरांत शिरलं तेव्हा आपणही दोन्ही केलं. गच्चीवर बसून प्रार्थना केली, आणि पाणी उतरल्यावर शेजाऱ्याकडे डबे पोचवले. तिसरी गोष्ट राहिली आहे असं मला वाटतं: नदीच्या पात्राशी खेळ कोणी केला हे विचारणं. गरिबांवरच्या अन्यायाचा जाब विचारणाऱ्या आमोस संदेष्ट्याने ते विचारलं असतं.

शेवटचा मुद्दा आपल्या शहरातलाच आहे. १९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला इथे आले. राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि काही दिवसांत लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून हुसकावलं. मग त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. दुसरा ख्रिस्ती होता. बायकोला विचारावं लागेल, असं त्या ख्रिस्ती मित्राने सांगितलं. तो आणि त्याची बायको दोघंही मूळचे ब्राह्मण घराण्यातले. नवरा बदलला होता, बायकोच्या मनातला विटाळ धर्मांतरानंतरही तसाच होता, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या दिवशी ते कामाठी बागेत झाडाखाली बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. त्या जागेला आपण आज संकल्पभूमी म्हणतो. त्यांना मी ख्रिस्ती प्रार्थनेच्या खात्यावर मांडणार नाही. त्यांचा मार्ग त्यांचा होता आणि तो बुद्धाकडे गेला. पण त्या दुसऱ्या मित्राचं घर हे आमचं घर आहे. त्या घरात जेवणापूर्वी आभार मानत असतील, रात्री प्रार्थना होत असेल, आणि प्रार्थनेनंतर शांत झोपही लागत असेल. ती शांती बायबलच्या मते समाधान होती का?

यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे गाऱ्हाणं आणतात, की आम्ही उपास करतो आणि तू पाहत का नाहीस. या वेळी मात्र तक्रार ऐकून घेऊन देव उलट तपासणी करतो: उपासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवता. मला पसंत असलेला उपास म्हणजे जोखडाच्या दोऱ्या सोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. आज बडोद्यात भाड्याने घर देताना आडनाव विचारलं जातं, कोणत्या जातीचे, काय खाता हे विचारलं जातं, आणि विचारणाऱ्यांत रविवारी उपासनेला येणारेही आहेत. त्यांच्यापैकी कोणी मला मनःशांतीसाठी बायबलमधला एखादा उतारा विचारला, तर मी हाच अध्याय काढून देते. मग तू हाक मारशील आणि परमेश्वर उत्तर देईल, हे अभिवचन त्यातल्या नवव्या वचनात आहे. निराश्रिताला आपल्या घरात आणायला सांगितलं आहे ते सातव्यात.